झाडं थांबतात तिथं

आमचे सर भित्रे होते. हे त्यांच्या तोंडावर कुणी म्हटलं असतं तरी त्यांना राग आला नसता. उलट निरीक्षण बरोबर आहे म्हणून त्यांनी एखादा मार्क वाढवून दिला असता. बडोद्यात मांडवीच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. घराणं संस्थानच्या फौजेतलं, पणजोबा शिलेदार, आणि पणजोबांची तलवार अजून बाहेरच्या खोलीत भिंतीवर टांगलेली. त्या तलवारीखालच्या खुर्चीवर सर जन्मात बसले नाहीत. पाहुणा बसायला लागला तर त्यालाही उठवायचे. "भिंत चुन्याची आहे, खिळा पणजोबांच्या वेळचा आहे, आणि तुमचं डोकं आजचं आहे," असं म्हणायचे. शौर्याचा विषय निघाला की त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "आमच्या घराण्याच्या वाट्याचं सगळं शौर्य पणजोबांनीच वापरून टाकलं. मागच्यांसाठी काही ठेवलं नाही."

असा हा माणूस आम्हांला कॉलेजात डोंगरावरची जंगलं शिकवायचा. कोणत्या उंचीवर कोणती झाडं, कोणत्या मातीत कोण कोणाच्या शेजाराला राहतं, आणि का. बडोदं स्वतः पाटासारखं सपाट. इथं चढ म्हणजे रेल्वेचा पूल. त्यामुळे शिकायचं तर पावागडावर जायला लागायचं, आणि पावागड दिसायला लागला की सरांच्या उजव्या हाताला कंप सुटायचा. लपवायचे नाहीत ते. बसमध्ये पुढच्या दांडीवर हात ठेवून आम्हांला दाखवायचे. "बघा, सुरू झालं. म्हणजे अजून मी शुद्धीवर आहे." परतीच्या वाटेवर हालोल मागं पडलं, दोन्ही बाजूंची शेतं सपाट झाली, की तो कंप आपोआप थांबायचा. मग ते डबा उघडायचे.

सापाला ते घाबरत नसत. विंचवाला, माकडांना, मधमाश्यांना नाही. "ती बिचारी निघून तरी जातात. उतार कुठं जातो?" त्यांची भीती उताराची होती आणि उतारावरच्या मातीची. खडा पायाखालून सरकला की त्यांचा चेहरा पांढरा पडायचा. डोंगर ते चालत चढायचे, पण उतरायचे मात्र बसून. त्यासाठी खास पँट होती. मांडवीतल्या एका मोच्याकडून त्यांनी तिच्या बुडाला चामड्याचं जाड ठिगळ मारून घेतलं होतं. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, ती पँट धुवायला नेताना नाक मुरडायच्या. "प्रोफेसरचे कपडे आहेत की ढोलाचे, हेच समजत नाय." वर्गातल्या मुलांनी सरांना मागं 'बैठक' असं नाव ठेवलं होतं. सरांना ते माहीत होतं. पहिल्या सहलीला त्यांनी त्याच मुलांना बसून उतरायला लावलं आणि वर म्हणाले, "आता तुम्हीही घराण्यात आलात."

डोंगरावर त्यांचा एक नियम होता. चालता चालता ते मध्येच कुणाकडेही बोट दाखवायचे आणि विचारायचे: "पायाखाली काय, डोक्यावर काय, पळायचं कुठं?" तिन्हीचं उत्तर दिल्याशिवाय पुढचं पाऊल नाही. नुसतं 'माती' म्हटलेलं चालायचं नाही. काळी की तांबडी, चिकण की मुरूम, खोल की वरवरची, हे सांगायचं. डोक्यावर कोणतं झाड ते सांगायचं, आणि ते त्या मातीत का आलं तेही. तिसऱ्या प्रश्नाला आम्ही हसायचो. ते हसायचे नाहीत.

माती ते चाखायचे. चिमूटभर उचलून जिभेवर ठेवायची, दातांत फिरवायची, थुंकायची, आणि मग बोलायचं. पायथ्याच्या मातीला ते 'जेवलेली' म्हणत आणि वरच्या मातीला 'उपाशी'. "साग हा पोटभर जेवणारा माणूस. त्याला खाली खोल माती पाहिजे आणि पाण्याचा निचराही पाहिजे. पाणी तुंबणाऱ्या चिकण जागेत तो राहायचा नाही, तिथं पळस राहील, त्याचं काही म्हणणं नसतं. वर चढा, माती कमी झाली, मुरूम लागला, की साग खुजा होतो, मग दिसेनासा होतो, आणि सालई सुरू होते. फाटक्या खिशाची माणसं. त्याच्याही वर, नुसता खडक, तिथं कांडोळ." कांडोळ म्हणजे ते पांढऱ्या सालीचं, कागदासारखं सोलणारं झाड; भर दुपारीसुद्धा अंगावर काटा आणतं. "आणि त्याच उंचीवर घळीत शिरा. वरून वाहून आलेली माती तिथं साठलेली, सावली, ओल. लगेच जांभूळ, उंबर, करंज. उंची तीच, वस्ती दुसरी. उंची माणसाला नुसतं बोलावते रे, राहायला जागा शेवटी मातीच देते."

हे सगळं आज मी पुस्तकी भाषेतही सांगू शकते. पण तेव्हा ते ऐकताना मला वाटायचं, हा माणूस आपल्याला जंगल शिकवत नाहीये, धोक्याच्या जागा शिकवतोय. आणि भीतीची लागण होते. सरांच्या हाताखाली शिकल्यावर मी घरच्या गच्चीच्या कठड्यालाही टेकेनाशी झाले. माझे वडील कोयलीला रिफायनरीत होते. ते आईला म्हणायचे, "हिच्या सरांना आमच्याकडे आणून उभं करायला हवं. सेफ्टीच्या पाट्या लावायची गरज नाही पडणार."

दुसऱ्या वर्षीच्या सहलीत मी ती भीती पहिल्यांदा खरोखर पाहिली. पाऊस नुकताच सरला होता. डोंगरावर अजून ढग येत-जात होते. माचीचं पठार सोडून आम्ही डोंगराच्या कडेकडेनं जाणाऱ्या पायवाटेनं गेलो होतो. घळ ओलांडली, सालईचा मुरमाड उतार ओलांडला आणि कांडोळांपाशी पोचलो. शेवटच्या कांडोळापुढं हिरव्यागार गवताची एक पट्टी होती, कुणी मुद्दाम लावल्यासारखी, आणि त्या गवतात कळलावी फुलली होती. मी फूल आणायला चार पावलं पुढं गेले.

मागून आवाज आला तो सरांचा आहे हे मला कळलंच नाही. माणसाच्या घशातून असा आवाज निघत नाही. वळून पाहिलं तर सर कांडोळाला दोन्ही हातांनी मिठी मारून बसले होते. "बस," ते म्हणाले. "उभी राहू नकोस. आहेस तिथं खाली बस." मी बसले. "आता मागं सरक. फूल सोड." फूल मी आधीच टाकलं होतं. बसल्या बसल्या मागं सरकत मी झाडापाशी आले तेव्हा त्यांनी माझं मनगट असं धरलं की बोटांचे वळ उठले. कुणी हसलं नाही.

झाड न सोडता ते तिथंच टेकून बसले. मग त्यांनी ते सांगितलं. विद्यार्थी असताना ते आणि त्यांचा एक मित्र असेच दुसऱ्या एका डोंगरावर गेले होते. दोघंही तेव्हा धीट होते. मित्र कड्याजवळच्या गवताला धरून खाली वाकला, खालच्या कपारीत काय उगवलंय ते बघायला. "गवत तुटलं नाही," सर म्हणाले. "तुटलं असतं तर निदान आवाज झाला असता. ते मुळासकट हातात आलं. चटई उचलावी तसं. खाली मातीच नव्हती. खडक, त्यावर कुजलेल्या गवताचा बोटभर थर, त्यावर हिरवं गवत. आम्हांला वाटलं जमीन आहे." हातात गवत धरून तो गेला. सरांना तेवढंच दिसलं होतं.

"कड्याच्या काठाला गवत सगळ्यात हिरवं असतं," ते म्हणाले. "कारण तिथं गुरं पोचत नाहीत. आणि नुसतं गवतच असतं, कारण झाडाला पाय रोवायला तिथं माती नाही. ही अक्कल झाडाला आहे. झाडं थांबतात तिथं आपणही थांबायचं." एवढं बोलून ते सगळ्यांच्या देखत बसूनच मागं फिरले. त्या दिवशी हालोल मागं पडेपर्यंत त्यांचा हात बसच्या दांडीवर नुसता वाजत होता.

पुढं मी शिकून वाघोडियाला एका कंपनीच्या प्रयोगशाळेत माती तपासायच्या कामाला लागले. सर निवृत्त झाले. रविवारी मी त्यांच्याकडे जायची. प्रयोगशाळेत आलेल्या नमुन्यांबद्दल ते खोदून खोदून विचारायचे आणि शेवटी "पण चव कशी आहे?" असं विचारून मला ओशाळवायचे.

मग ते विसरायला लागले. आधी चष्मा, मग माणसांची नावं, मग गल्ली. डॉक्टरांनी काकूंना सांगितलं, हे आता वाढत जाणार, लक्ष ठेवा. सर एकदा मांडवीच्या दरवाज्यापासून घरी यायची वाट चुकले, तेव्हा मला फार लागलं. आयुष्यभर ढगात शिरलेल्या डोंगरावर नुसत्या झाडांवरून जागा ओळखणारा माणूस. त्यांना विचारलं तर म्हणाले, "इथं उतारच नाही गं. समजणार कसं कुठं आलो ते?"

पण विसरण्याबरोबर आणखी एक गोष्ट झाली आणि तिनं आम्हां सगळ्यांना फसवलं. सर धीट झाले.

सुरुवातीला आम्ही गंमत म्हणून बघितलं. ते स्टुलावर चढून दिवा बदलायला लागले. आधी स्टूल धरायला त्यांना दोन माणसं लागायची. मांडवीच्या गर्दीत रिक्षांमधून खुशाल रस्ता ओलांडायला लागले. गच्चीच्या कठड्यावर कोपर टेकून पतंग बघत उभे राहायला लागले. संक्रांतीला बडोद्यात गच्ची ओस राहत नाही, पण सरांना मी त्यापूर्वी कधी गच्चीवर पाहिलं नव्हतं. आणि एका रविवारी मी गेले तर सर तलवारीखालच्या खुर्चीवर बसून पेपर वाचत होते.

काकूंनी माझ्या हातावर पेढा ठेवला.

"कशाबद्दल, काकू?"

"अगं, हे तो एकदम मस्त झालेत. जन्मभर ह्यांच्या बीकेनं, ह्या भित्रेपणानं मला कुठं जाता आलं नाही. अंबाजीला नाही, आबूला नाही. आता काल स्वतः म्हणाले, चल ने, आबूला जाऊ. नावं विसरतात तर विसरू देत बापडे. भीती तरी गेली."

मीही पेढा खाल्ला. मीही खूश झाले. सरांना म्हटलं, "सर, खुर्ची बदलली वाटतं?" ते हसले. मग मी जुन्या सवयीनं त्यांना सागाबद्दल काही विचारलं, तर म्हणाले, "साग? ते अजून खालीच राहतात का?" आम्ही दोघी हसलो. आम्हांला वाटलं, सर विनोद करतायत. त्यांची बोलायची तऱ्हाच तशी होती. भित्र्या माणसाची भीती गेली तर त्याच्या घरात पेढेच वाटणार. दुसऱ्या कुणाच्या घरी हेच झालं असतं तर लोक वेळीच घाबरले असते.

भाद्रपदातल्या एका सकाळी मी प्रयोगशाळेत होते. काकूंचा फोन आला. आवाज नेहमीचाच होता, थोडा अवघडलेला. "ऐक ने. हे तुझ्याकडे आलेत का?"

"माझ्याकडे कसे येतील, काकू? मी वाघोडियाला आहे."

"काल रात्री मला म्हणाले, उद्या दशम्या करून दे. मी केल्या. मला बरं वाटलं, पूर्वी डोंगरावर जायचे तेव्हाच मागायचे. सकाळी मी पूजेला बसले होते. उठून बघते तर हे नाहीत, दशम्याही नाहीत."

मी विचारलं, "काकू, ती ठिगळाची पँट आहे का बघा."

त्या बघून आल्या. "आहे ने. खुंटीलाच आहे. हे तो इस्त्रीची घालून गेलेत." आणि बोलता बोलता त्यांच्याही लक्षात आलं. मी फोन ठेवून स्कूटरकडे धावले.

वाघोडियाहून हालोल आणि तिथून पायथा, स्कूटरवर मी कशी गेले ते मला आठवत नाही. डोंगराच्या खांद्यावर ढग बसले होते एवढं आठवतं. स्कूटर खाली टाकून जीपनं माचीवर गेले. दर्शनाला आलेल्यांची रांग, नारळवाले, चुनऱ्या, ढोल. या गर्दीत एक म्हातारा कुणाच्या लक्षात राहणार? पण पायवाट जिथं फुटते तिथल्या चहावाल्याला विचारलं, तर त्यानं लगेच हात केला.

"हा बेन, एक दादा आव्या'ता सवारे. इस्त्रीवाळां कपडां. चा पीधी, पछी पेली केडीए गया." सकाळी आले, चहा प्यायले आणि त्या पायवाटेनं गेले. "में कीधुं, दादा, वरसाद पडेलो छे, लपसी जशो. तो हसीने कहे, मने बीक नथी लागती."

पाऊस पडलाय, घसराल, असं त्यानं बजावलं तर सर हसून म्हणाले, मला भीती वाटत नाही. सरांच्या तोंडचं ते वाक्य मी त्या चहावाल्याकडून ऐकत होते.

पायवाटेला लागले. शंभर पावलांत ढोल ऐकू येईनासा झाला. ढग इतका खाली आला होता की समोरचं झाड आल्याशिवाय दिसत नव्हतं. हाका मारल्या, ढग हाका गिळून टाकत होता. एके ठिकाणी वाटेला फाटे फुटले होते. पूर्वी इथं एकच वाट होती असं मला वाटत होतं. मी उभी राहिले, आणि सरांनी शिकवलं तेच केलं. पायाखाली काय? काळी, ओली, पानांचा थर. डोक्यावर काय? जांभूळ. म्हणजे मी घळीत आहे. घळ ओलांडली की मुरूम लागला पाहिजे आणि सालई दिसली पाहिजे. डावीकडच्या फाट्यावर चिखल होता, उजवीकडे दहा पावलांवर बुटाखाली खडे वाजले. मी उजवीकडे गेले. तिसरा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही, कारण पळायचं मला पुढंच होतं.

सालईच्या उतारावर मी बसले. मुरूम ओला होता आणि हाताखालून भुरभुर निघून जात होता. खडे घरंगळत गेले की खाली पोचल्याचा आवाज येत नव्हता. मी आयुष्यात इतकी घाबरले नव्हते. वाटत होतं की सर तिथं नसावेत. आणि लगेच वाटत होतं की असावेत, कारण तिथं नसले तर मग ते खालीच असणार.

ढगातून कांडोळाचं पांढरं खोड दिसलं. मग दुसरं. मग शेवटचं. आणि त्याच्यापलीकडे, हिरव्या गवताच्या पट्टीवर, पाठमोरे सर उभे होते. कडक इस्त्रीची पँट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या. हातात दशमी होती आणि ते खात होते. त्यांच्या पुढं काही नव्हतं. ढग होता.

मी ओरडले नाही. ते दचकले असते. कांडोळाला धरून हळूच म्हटलं, "सर."

ते वळले. वळताना त्यांची टाच गवतात रुतली आणि गवत हललं. "या, या," ते हसत म्हणाले. "तुम्हीही फिरायला आलात? इथं छान गार वाटतं. दशमी घ्या." माझ्याकडे बघून ते असे हसत होते, जसं माणूस बागेत भेटलेल्या अनोळखी बाईकडे बघून हसतो. मला 'तुम्ही' म्हणत होते.

"सर, इकडे या ना. झाडापाशी या."

"घाबरता कशाला? मला बघा, मला काही वाटत नाही." आणि मला दाखवायला म्हणून ते एक पाऊल मागं गेले.

मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते होते. हात लांब केला तरी ते हाती लागण्यासारखे नव्हते, आणि धावत जाऊन धरावं तर आम्ही दोघंही गेलो असतो. मी कांडोळ सोडला, खाली बसले आणि बसल्या बसल्या गवतावर सरकले. गवत माझ्याखाली चटईसारखं सरकत होतं. सर कौतुकानं बघत होते. त्यांच्यापासून हातभर अंतरावर मी थांबले.

"सर, पायाखाली काय?"

"गवत. तुम्हाला दिसत नाही का?"

मी गवताचा एक झुबका धरून ओढला. जोर लावावाच लागला नाही. तो मुळासकट हातात आला, खाली ओला काळा खडक उघडा पडला. मुळांना जो काही काळा थर चिकटला होता तो मी त्यांच्यासमोर धरला. "सर," मी म्हटलं, "जरा चाखून सांगता का? कसली माती आहे?"

त्यांनी दशमी दुसऱ्या हातात घेतली. चिमूट उचलली. जिभेवर ठेवली, दातांत फिरवली, थुंकले. परत एकदा चिमूट घेतली. त्यांच्या कपाळावर आठी आली, वर्गात कुणी चुकीचं उत्तर दिलं की यायची तशी.

"ही मातीच नाही," ते म्हणाले. "कुजलेलं गवत आहे नुसतं." मग त्यांनी पायाखाली बघितलं. मग माझ्या मागं, झाडाकडे. आणि अगदी बारीक आवाजात विचारलं, "झाडं कुठं थांबली?"

"मागं, सर. कांडोळापाशी."

त्यांचा चेहरा पांढरा पडला. तो रंग मी ओळखला. ते खाली बसले, दशमी हातातून सुटून गवतावरून घसरत गेली आणि ढगात नाहीशी झाली. ते तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला.

"मूर्ख मुली," ते म्हणाले, "तू पुढं का आलीस?"

मला रडू कोसळलं. "चुकलं, सर."

"रडू नकोस. हलू नकोस. पळायचं कुठं?"

"मागं, सर. बसून."

"मग सरक. आधी तू. गवताला धरायचं नाही. हात खडकाला." असं म्हणत, मला रागावत, दर वितीला थांबत, ते माझ्यामागं सरकत आले. कांडोळाशी पोचलो तेव्हा त्यांनी झाडाला मिठी मारली आणि दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं. बोटांचे वळ उठले. "गवत मुळासकट येतं गं हातात," ते पुनःपुन्हा सांगत राहिले. "तुटत नाही. तुटलं असतं तर आवाज झाला असता."

"हो, सर. माहीत आहे."

माचीवर पोचायला आम्हांला फार वेळ लागला. सगळा मुरूम सर बसून आले. इस्त्रीच्या पँटच्या मागं चिंध्या झाल्या. मी काकूंना फोन केला, आणि एक जीप थेट बडोद्यापर्यंत ठरवली. मागच्या सीटवर सर माझा हात धरून बसले होते. त्यांच्या हाताची थरथर माझ्या खांद्यापर्यंत येत होती आणि घाट उतरेपर्यंत ते मला बोलत होते. कोयलीला वडील काय म्हणतील. पाऊस सरल्यावर लगेच डोंगरावर यायचं असतं का. कळलावी कधी पाहिली नव्हती का. इतक्या घाबरलेल्या माणसाला बघून मला इतका आनंद व्हावा याची मला लाज वाटत होती, पण होत होता. सर होते. त्या थरथरीत सगळेच्या सगळे सर होते.

हालोल मागं पडलं. ढग संपला, ऊन आलं, दोन्ही बाजूंना कपाशीची शेतं सपाट पसरली. मी त्यांना काहीतरी सांगत होते आणि सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की माझा खांदा हलत नाहीये. मी खाली बघितलं. त्यांचा हात माझ्या हातात शांत पडला होता.

त्यांनी तो अदबीनं सोडवून घेतला. "माफ करा हं," ते म्हणाले. "तुम्ही कुणाकडच्या?"

कड्यावरही मला इतकी भीती वाटली नव्हती. "कोयलीच्या," मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली, खिडकीच्या काचेला डोकं टेकलं आणि धावत्या शेतांकडे बघत बसले, अगदी निर्धास्त. मी त्यांच्या अंगावरून वाकून जीपच्या दाराची कडी नीट लागली आहे ना ते बघितलं, आणि बडोदं येईपर्यंत त्या कडीवरचा हात काढला नाही.